काळ्या पडद्यावरची पिवळी अक्षरं

रहिमतपुरात बाजारपेठेच्या वळणावर अजीम प्रिंटर्स नावाचं एक अरुंद दुकान आहे. अजीम आत्तार जाऊन बरीच वर्षं झाली, पण पाटी बदलली नाही. दुकान चालवते त्यांची मुलगी सुमैरा. लग्नपत्रिका, बारशाची कार्डं, जत्रेची पोस्टरं, निकाहची निमंत्रणं, पावती पुस्तकं, सगळं तिच्याकडे. वडिलांनी तिला दहावीनंतर टायपिंगच्या क्लासला घातलं होतं. तिथं मास्तर बोटांवर फडकं टाकून टाईप करायला लावायचे. त्यामुळं कीबोर्डकडे बघायची सवय तिला कधी लागलीच नाही. गिऱ्हाईक समोर उभं राहून मजकूर सांगत असायचं आणि त्याचं वाक्य संपायच्या आत तिचं वाक्य संपलेलं असायचं. आई हाजराबी बाजूला बसून पत्रिका घडी करायची, पाकिटात भरायची.

सुमैराला लहानपणापासून दिवेलागणीनंतर नीट दिसायचं नाही. तिच्या फुफीलाही, म्हणजे आत्यालाही, तसंच होतं, ती बॅटरी घेतल्याशिवाय उंबऱ्याबाहेर पडत नसे. घरात त्याला कुणी आजार म्हणत नव्हतं. पण तिशी ओलांडल्यावर दिवसाही काही काही गोष्टी तिच्या नजरेतून सुटायला लागल्या. बाजूनं कुणी आलं तर ती दचकायची. टेबलाच्या कडेला ठेवलेला चहा हात लागून सांडायचा. लोकांना वाटायचं हिचं लक्ष नाही. तिलाही तसंच वाटायचं.

मग भाऊसोंच्या मुलीची लग्नपत्रिका झाली. भाऊसो शेजारच्या गावचे, उसाची शेती, जत्रा कमिटीचे अध्यक्ष, बोलायला रोखठोक पण मनानं वाईट नाहीत. पत्रिका सुंदर झाली होती. सगळ्या आप्तेष्टांची नावं होती, मुहूर्त होता, चिमुकल्यांचं आग्रहाचं बोलावणं होतं. नव्हतं फक्त लग्नाचं ठिकाण. खालच्या कडेची ती ओळ कंपोज करतानाच राहिली होती, आणि तपासताना सुमैराच्या नजरेत ती मोकळी जागा आलीच नाही. अर्ध्या पत्रिका वाटून झाल्यावर पाहुण्यांचे फोन सुरू झाले, की लग्न नेमकं कुठं हाय. सुमैरानं सगळ्या पत्रिका पदरमोड करून पुन्हा छापून दिल्या. भाऊसो तोंडावर काही बोलले नाहीत, पण गावात बोलले. अजीमभाईच्या पोरीला दिसंना झालंय, ही गोष्ट पत्रिकांच्या आधी घरोघर पोचली.

ती मिरजेला डोळे दाखवायला गेली. तिथल्या डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब टाकून, मशीनसमोर बसवून, बराच वेळ तपासलं. हा डोळ्याच्या आतल्या पडद्याचा आजार आहे, घराण्यातून येतो, म्हणाले. नजर कडेकडेनं विझत जाते, मधला गोल तेवढा राहतो, तोही हळूहळू लहान होतो. किती वर्षं राहील ते सांगता येत नाही. औषध नाही. सुमैरानं विचारलं, मधल्या गोलात जे दिसतं ते नीट दिसतंय ना? डॉक्टर म्हणाले, ते एकदम चांगलं आहे. परतताना एसटीत ती खिडकीशी बसली आणि एकेक डोळा झाकून बाहेर बघत राहिली. उसाचं शेत, विजेचा खांब, पुन्हा शेत. नळीतून बघावं तसं. इतकी वर्षं सगळ्यांना असंच दिसतं, असं ती धरून चालली होती.

तिचा धाकटा भाऊ तौसीफ कराडला मोबाईलचं दुकान चालवतो. बहिणीला तो आपा म्हणतो, तिच्यावर त्याचा जीव. बातमी कळताच तो आला आणि जेवण झाल्यावर त्यानं सगळं ठरवूनच टाकलं. प्रेस बंद करायचा, तिथं मोबाईलच्या कव्हरांचं आणि चार्जरचं दुकान काढायचं, एक पोरगा ठेवायचा, आपानं घरी आराम करायचा, तिला काही कमी पडू द्यायचं नाही. हाजराबीही मान हलवत होती. सुमैरानं भांडी आवरली, हात पुसले आणि म्हणाली, प्रेस चालू राहील. एवढंच.

पण दिवाळीच्या तोंडावर कॉम्प्युटरनंच हात टेकले. मशीन जुनं, वडिलांच्या हयातीतलं. त्यावरची विंडोज आता जुनी झाली, तिचे अपडेट बंद झाले आणि नवी विंडोज त्या मशीनवर बसत नव्हती. तौसीफला हे बरंच वाटलं. नवीन मशीन घेऊन त्यावर काम कोण करणार, असं तो फोनवर म्हणाला. सुमैरानं फोन ठेवला.

त्या आठवड्यात दुकानात सुभेदार जोतिबा आले. सिग्नल कोअरमध्ये नोकरी करून निवृत्त झालेले, माजी सैनिक संघटनेचं पत्रक तिच्याकडूनच छापून घेणारे. शेतातल्या बंगल्यात त्यांनी जुने कॉम्प्युटर गोळा करून ठेवले होते आणि लोक त्यांना त्यावरून हसायचे. सुमैरानं अडचण सांगितली. सुभेदारांनी कॉम्प्युटरचा डबा उघडून आतली धूळ फुंकली आणि म्हणाले, मशीन तंदुरुस्त हाय, फक्त त्यावर लिनक्स टाकायचं.

लिनक्स म्हणजे काय हे त्यांनी तिला आपल्या पद्धतीनं समजावलं. आतलं इंजिन एकच, पण गाडीचा सांगाडा आपण निवडायचा. स्टिअरिंग कुठं, आरसा कुठं, काटे कुठं, हे ज्यानं त्यानं ठरवायचं. त्याला डेस्कटॉप म्हणतात आणि ते अनेक प्रकारचे असतात, फुकट असतात, आवडला नाही तर दुसरा घ्यायचा. सुमैरानं विचारलं, मग माझ्या डोळ्याला कुठला चालंल? सुभेदार हसले. म्हणाले, ते तुलाच बघावं लागंल पोरी.

तिला हे उत्तर आवडलं. डॉक्टरांपासून भावापर्यंत कुणी तिला काही निवडायला सांगितलं नव्हतं.

पहिला डेस्कटॉप गनोम. पडदा स्वच्छ, जवळजवळ रिकामा. एक बटण दाबून हवं त्या प्रोग्रॅमचं नाव टाईप केलं की तो उघडायचा, ते सुमैराला फार पटलं, कारण टाईप करणं तिच्या हातातलं होतं. पण घड्याळ, सूचना, आवाजाचं बटण सगळं वरच्या कडेला, आणि कड तिच्यासाठी नव्हतीच. शिवाय ते म्हातारं मशीन त्यावर धापा टाकायचं.

दुसरा केडीई. हा सुभेदारांचा लाडका. त्यात बदलता येणार नाही अशी गोष्टच नाही, असं ते म्हणायचे, आणि खुर्ची ओढून त्यांनी एका दुपारी सगळं बदलूनही दिलं. अक्षरं बोटभर मोठी. चिन्हं लाडवाएवढी. माऊसचा बाण तर एवढा मोठा, की हाजराबीला दाराजवळ बसून दिसायचा. वर भिंगाची सोय, चाक फिरवलं की पडदा फुगत जायचा. सुभेदार खूश होऊन गेले. सुमैरा कामाला बसली आणि तिला रडू यायचंच बाकी राहिलं. एका वेळी दोन अक्षरं दिसायची. शब्द वाचायचा तर मान डावीकडून उजवीकडे फिरवावी लागायची. ओळ संपेपर्यंत सुरुवात विसरायची.

तौसीफनं ऐकलं तेव्हा तोही एक तोडगा घेऊन आला. त्यानं मशीनवर सहा मोठी बटणं दिसतील अशी व्यवस्था केली. पत्रिका, पोस्टर, पावती, प्रिंट, फोटो, बंद. म्हाताऱ्या माणसांसाठी असतं तसं. बाकी सगळं त्यानं कुलूप लावून लपवून टाकलं, म्हणजे आपाचा हात चुकून कुठं जायला नको. सुमैरानं एकेक बटण दाबून बघितलं.

"हे सोपं हाय व्हय?" तिनं विचारलं.

"सगळ्यात सोपं," तौसीफ म्हणाला.

"मग हे तुझ्या दुकानात लाव. मला सोपं नको. मला माझं पायजे."

तौसीफ दुखावला. दोघांत बरीच बोलाचाली झाली. तो म्हणाला, सगळं जग तुझ्यासाठी धडपडतंय आणि तुला त्याची किंमत नाही. ती म्हणाली, धडपडताय खरं, पण मला काय दिसतं ते एकानं तरी विचारलंय का? तो चहा न घेताच कराडला गेला, आणि तिनं दुसऱ्या दिवशी ते कुलूप काढून टाकलं.

नंतरचे काही दिवस ती सकाळी लवकर दुकानात यायची, गिऱ्हाईक यायच्या आत. सुभेदारांनी पेनड्राईव्हवर आणखी एक डेस्कटॉप देऊन ठेवला होता. माटे त्याचं नाव. देताना त्यांनी नाक मुरडलं होतं, लय जुनाट वळणाचा हाय म्हणून. तो तिनं एकटीनंच चढवला. हलका होता, मशीन त्यावर बिनबोभाट चालत होतं. पण अक्षरांचा घोळ तोच. मोठी केली तर मावत नव्हती, आणि लहान करायचं तिच्या मनातही येत नव्हतं. डोळे गेलेल्या माणसासाठी अक्षरं मोठी करतात हे तिनं इतक्यांदा ऐकलं होतं, की तिचाही त्यावर विश्वास बसला होता.

एकदा कागदाचं रीम आणायला ती उठली आणि खुर्ची मागं सरकवून वळून बघितलं तर सगळा पडदा एकदम दिसला. वरची पट्टी, खालची पट्टी, मधली पत्रिका, तिच्या चारही कडा. ती तशीच उभी राहिली. मग पुढं गेली, कडा गेल्या. मागं आली, कडा आल्या. तिची नळी अरुंद होती, पण नळीतली नजर शाबूत होती. डॉक्टरांनी हेच सांगितलं होतं आणि कुणालाच, तिला स्वतःलाही, त्याचा अर्थ लागला नव्हता. तिला मोठं नको होतं. तिला लहान हवं होतं.

त्या दिवशी तिनं शटर अर्धंच उघडलं. सगळ्यांनी सांगितलं होतं त्याच्या उलट ती एकेक गोष्ट करत गेली. अक्षरं लहान केली, आणखी लहान केली. मागचं चित्र काढून सगळा पडदा काळा केला आणि त्यावर अक्षरं पिवळी, कारण पांढऱ्या उजेडानं तिचे डोळे दिपायचे. बाण मात्र ठळक ठेवला, नाहीतर तो हरवायचा. सेटिंग धुंडाळताना तिला एका जागी नवी खिडकी मधोमध उघडण्याची सोय सापडली. ती तिनं चालू केली. खिडक्या पोस्टकार्डाएवढ्या ठेवल्या. खालची पट्टी आखूड करून मध्यावर आणली. आता मोठ्या काळ्या पडद्याच्या मधोमध एक छोटंसं पिवळं जग होतं आणि ते सगळंच्या सगळं तिच्या नळीत मावत होतं.

कडेची ओळ पुन्हा सुटू नये म्हणून तिनं दुसरी व्यवस्था केली. पडदा वाचून दाखवणारा एक प्रोग्रॅम त्यात होता, मराठीही वाचायचा. आवाज डब्यात बसून बोलल्यासारखा, जोडाक्षरांवर ठेचकाळणारा. पण ओळ गाळायचा नाही. पत्रिका झाली की ती डोळे मिटून ती ऐकायची.

सुभेदार आले, त्यांनी वाकून बघितलं, चष्मा काढून पुन्हा बघितलं. त्यांना काही वाचता येईना. तिनं कारण सांगितलं तेव्हा ते स्टुलावर बसले आणि म्हणाले, आम्ही लय उलटं चाललो होतो. मग त्यांच्यातला केडीईवाला जागा झाला. म्हणाले, पण हे सगळं माझ्यातबी होतंय, खिडकी मधे उघडायची सोय त्यातबी हाय.

"असंल की सुभेदारकाका," सुमैरा म्हणाली. "पण ह्यात मी शोधली."

सुभेदारांनी चष्मा पुन्हा डोळ्यावर चढवला.

तिचं काम सुरळीत झालं. काही गोष्टी गेल्याच. वडिलांच्या वेळची फॉन्टची सीडी लिनक्सवर चालत नव्हती, जुने नमुने नव्यानं टाईप करावे लागले. रंग पडद्यावर कळायचे नाहीत, ते कागदावर काढूनच बघावे लागायचे. पण हात पूर्वीसारखे चालत होते.

गावात मात्र बातमी जुनीच होती. माघ संपत आला तशी भाऊसोंच्या गावच्या जत्रेची तयारी सुरू झाली. तिथल्या कुस्त्यांचं पोस्टर अजीमभाईंच्या वेळेपासून रहिमतपुरातच छापलं जायचं. त्या पोस्टरात जागा कमी आणि नावं रग्गड. कुणाची कुस्ती कुणाशी, कुठल्या तालमीचा, कुणाच्या स्मरणार्थ बक्षीस, खाली सगळी कमिटी. एक नाव राहिलं तर गावात वर्षभर अबोला. यंदा ते काम कराडला द्यायचं ठरलंय, असं तिच्या कानावर आलं.

सुमैरानं दुपारची एसटी पकडली आणि काठी घेऊन थेट देवळाजवळच्या कमिटीच्या खोलीत गेली. काठी तिनं नुकतीच घेतली होती आणि गावात वापरायला ती लाजायची. त्या दिवशी लाजली नाही. आत भाऊसो होते, बाकीचे चारपाच जण होते. बाईमाणूस आलं म्हणून दोघांनी खुर्च्या रिकाम्या केल्या. ती बसली नाही.

"भाऊसो, काम का काढलं ते सांगा. मी चुकले म्हणून, का आंधळी झाले म्हणून?"

भाऊसो म्हणाले, तसं काही न्हाई ताई, तुमाला त्रास नको म्हणून.

"त्रास माझा मी बघते. पत्रिकेत चूक माझी झाली, ती मी भरून दिली. चुकले म्हणून काढत असाल तर काढा, मी एक शब्द बोलणार न्हाई. पण दिसत न्हाई म्हणून काढत असाल, तर आधी माझं काम बघा आणि मग काढा. न बघता काढायला मी काय मेलेली न्हाई."

भाऊसोंनी टोपी काढली, पुन्हा घातली. शेवटी म्हणाले, पोस्टर करा, पण मी स्वतः शेजारी बसून बघणार. सुमैरा म्हणाली, बसा की.

ठरल्याप्रमाणे ते आले. हाजराबीनं खुर्ची पुसून दिली, चहा सांगितला. सुमैरानं कामाला सुरुवात केली. भाऊसो मजकूर सांगत होते, ती टाईप करत होती. पण त्यांचे डोळे पडद्यावर आणि पडद्यावर त्यांना काळोखाशिवाय काही दिसेना. मधे मुंग्यांच्या रांगेसारखं पिवळं काहीतरी हलत होतं. ते पुढं वाकले, मागं झाले, चष्मा पुसला. मग म्हणाले, ताई, हे जरा मोठं करा की, आणि ते पांढरं करा, नेहमीसारखं.

पूर्वीची सुमैरा लगेच बदलून देती. गिऱ्हाईकाच्या सोयीसाठी तिनं आयुष्यभर सगळं बदललं होतं. तिचा हात कीबोर्डवर क्षणभर थांबलाही.

"न्हाई, भाऊसो," ती म्हणाली. "हा पडदा माझ्या डोळ्यासाठी हाय. तुमच्यासाठी कागद काढते."

भाऊसोंना राग आला असावा. त्यांना नाही ऐकायची सवय नव्हती, त्यातून बाईकडून. पण समोर काम चाललं होतं आणि वेगानं चाललं होतं, म्हणून ते बसून राहिले. मजकूर संपला तसं तिनं वाचणाऱ्या प्रोग्रॅमला वाचायला लावलं. तो डब्यातला आवाज एकेका पैलवानाचं नाव उच्चारू लागला, वस्ताद, तालीम, स्मरणार्थ, सौजन्य. शेजारचा बागवान दारात येऊन उभा राहिला, त्याच्या मागं आणखी दोघे. पैलवान केरबा ह्या नावावर आवाज असा काही घसरला की भाऊसोंनाच हसू फुटलं. हाजराबीही पदर तोंडाला लावून हसली.

मग कागदावर प्रूफ निघालं. भाऊसोंनी बोट ठेवून ओळन् ओळ वाचली. कडा तर त्यांनी दोनदा वाचल्या. सगळं जागच्या जागी होतं. एका तालमीच्या नावावर अनुस्वार राहिला होता, तो त्यांनी दाखवला. आवाजाच्या ओघात तो तिला कळला नव्हता. सुमैरानं मान्य केलं, दुरुस्त केलं, पुन्हा कागद काढला. भाऊसोंनी सही केली. जाताना म्हणाले, पुढल्या खेपेला मी बसत न्हाई, सांगून पाठवतो. ती म्हणाली, प्रूफ बघायला यावंच लागंल, ते मी सगळ्यांनाच सांगते.

पोस्टर लागलं. कोरेगावपासून पुसेसावळीपर्यंत भिंतींवर, पानटपऱ्यांवर, एसटीच्या थांब्यांवर ते दिसत होतं. तौसीफला त्याच्या एका गिऱ्हाईकानं मोबाईलवर पोस्टरचा फोटो दाखवला, खाली अजीम प्रिंटर्स असं बारीक अक्षरात होतं. त्या रविवारी तो रहिमतपूरला आला. भांडणानंतर पहिल्यांदाच. दुकानात बसून तो बहिणीचं काम बघत राहिला. लहान अक्षरांचं कारण तिनं त्याला पहिल्यांदाच नीट सांगितलं आणि त्यानंही पहिल्यांदाच मधे न बोलता ऐकून घेतलं. मग त्यानं कागदाची नळी केली, डोळ्याला लावली आणि पडद्याकडे बघितलं. पुढं जाऊन बघितलं, मागं येऊन बघितलं. नळी खाली ठेवताना त्याचा चेहरा उतरला होता.

बाहेर चहा घेताना त्यानं भीतभीतच मनातलं विचारलं. आपा, हा मधला गोलही मिटला तर?

सुमैरानं हा प्रश्न स्वतःला कधीच विचारून ठेवला होता. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ती पडदा बंद करून नुसत्या आवाजावर काम करायचा सराव करत होती. अजून अडखळायची. नक्षी आणि चौकटी आवाजावर कशा जमणार हे तिला माहीत नव्हतं, कदाचित त्या जमणारही नव्हत्या. मजकूर मात्र जमत होता.

"तवाचं तवा," ती म्हणाली. "पण तवाबी कुठला डेस्कटॉप घ्यायचा ते मीच ठरवणार, तौसीफ. तू फक्त पेनड्राईव्ह आण."

तौसीफनं मान हलवली. एवढ्यात रस्त्यापलीकडून कुणीतरी बारशाच्या कार्डांची चौकशी करत आलं. सुमैरानं कप खाली ठेवला, काठीनं पायरी चाचपली आणि गिऱ्हाईकाला आत या म्हणत दुकानात शिरली.